दृश्यमानता दोनशे मीटर

निसर्गाने हाक मारली की माणसाला ओ द्यावीच लागते, असं जगातल्या सगळ्या थोर प्रवाशांनी लिहून ठेवलं आहे. चार्ल्स तुस्कानोला ही हाक दोह्याच्या मदिनत खलीफा भागातल्या राहत्या घरी, शुक्रवारी दुपारी, मटण अंगावर आलेलं असताना ऐकू आली, आणि ती निसर्गाने नव्हे, मेहुण्याने मारली होती.

मेहुणा म्हणजे ऑस्टिन, चार्ल्सच्या बायकोचा, ग्रेसीचा धाकटा भाऊ. राहतो कॅनडात. सुट्टीत तो कोस्टारिकाला जाऊन ढगांच्या जंगलात अकरा किलोमीटर चालून आला होता आणि त्याचे त्रेचाळीस फोटो त्याने कुटुंबाच्या ग्रुपवर टाकले होते. लाल डोळ्यांचा बेडूक, हातभर शेपटीचा हिरवा पक्षी, शेवाळलेल्या फांदीवर लोंबकळणारं एक आळशी जनावर आणि त्याच फांदीला टेकलेला ऑस्टिन. खाली ओळ होती, ‘तुम्ही लोक काय बघता तिकडे? वाळू?’

कतारमध्ये वाळू आहे, हे चार्ल्सलाही मान्य होतं. सतरा वर्षं तो ती गाडीच्या काचेवरून पुसत होता. पण आपल्या वाळूविषयी दुसऱ्याने, त्यातही फावड्याने बर्फ उपसून घराबाहेर पडणाऱ्या माणसाने बोलावं, हे त्याला सहन झालं नाही. मटणाच्या जोरावर त्याने लिहिलं, ‘ढगांचं जंगल आमच्याकडेही आहे. दुखानकडे. पुढच्या वीकएन्डला व्हॅलेरीला घेऊन जातोय. वन्यप्राणी बघायला.’ आणि तो झोपला. जगातले बरेचसे घोटाळे जेवणानंतर आणि झोपेआधी झालेले आहेत, पण त्या वेळेला कोणी धोक्याची पाटी लावत नाही.

तो उठला तेव्हा तेरा वर्षांची व्हॅलेरी पलंगाशी उभी होती. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर मात्र ती इंग्रजीत देते.

“डॅड, इज इट ट्रू? आय टोल्ड माय होल क्लास.”

फक्त वर्गालाच नव्हे, तिने विजयालक्ष्मी मिसनाही कळवलं होतं आणि मिसनी लगेच पुढच्या रविवारी तिचं भाषण ठेवलं होतं. पाच मिनिटं, सोबत स्वतः काढलेला फोटो.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. चार्ल्स एका कंपनीत सेफ्टी ऑफिसर आहे. गेल्या वर्षी शाळेत ‘माझे वडील काय करतात’ या विषयावर व्हॅलेरीने सांगितलं होतं की माझे वडील अपघात थांबवतात. त्यावर मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं, “कुठला अपघात थांबवला?” आणि तिला एकही सांगता आला नव्हता. घरी येऊन तिने बापाला विचारलं, तर बापालाही सांगता आला नाही. न झालेल्या अपघाताचा फोटो नसतो, ही या धंद्यातली मोठी अडचण. तेव्हापासून पोरीने वर्गात बापाचं नाव काढलं नव्हतं. वर्षभराने आज पहिल्यांदा काढलं होतं.

“अर्थात खरं आहे,” चार्ल्स म्हणाला.

ते अगदीच खोटं होतं असंही नाही. ढग जमिनीला टेकला की त्याला धुकं म्हणतात, आणि जानेवारीत पश्चिम किनाऱ्यावर चार-दोन सकाळी असं धुकं पडतं की माणसाला आपलेच बूट शोधावे लागतात. म्हणजे ढग झाला. दुखानच्या तेलकंपनीच्या वसाहतीमागे बोरी-बाभळी आहेत. साइट व्हिजिटला गेला असताना चार्ल्सने त्या मोजल्या होत्या, बत्तीस भरल्या. बत्तीस झाडांना जंगल म्हणावं का, यावर विद्वानांत मतभेद होतील, पण ज्या देशात झाड दिसलं की माणसं त्याच्या सावलीत गाडी लावायला धावतात, तिथे बत्तीस झाडं म्हणजे अरण्यच. ढगांचं जंगल उष्ण कटिबंधात असतं आणि इथून कर्कवृत्त थोडं खाली राहत होतं, पण ते डोळ्यांना दिसत नाही. आणि त्या झाडांपलीकडे राखीव कुरण होतं, त्यात ओरिक्स होते. ओरिक्स म्हणजे कतारच्या विमानाच्या शेपटीवर रंगवलेलं असतं ते पांढरं, लांब सरळ शिंगांचं हरीण. बेडकाला लाल डोळे असले म्हणून काय झालं? विमानावर कोणी बेडूक रंगवत नाही.

व्हिलाच्या दुसऱ्या अर्ध्या भागात लखनौचा तबिश राहतो. तो अकाउंटंट आहे आणि सल्ला फुकट देतो.

“चार्ल्स भाई, लोमड़ी मिले तो आँख मत मिलाइएगा. बहुत खुद्दार जानवर है, बुरा मान जाती है.”

“तुम्ही कोल्हा पाहिलाय कधी?”

“नहीं, मगर हमारे मामू से नाराज़ थी एक.” आणि मग, “कितने बजे निकलना है?”

असा तबिश आला, त्याची बायको आली, दोन मुलं आली. चर्चमधल्या वसईकरांना ग्रेसीने फक्त ‘आम्ही पुढच्या शनिवारी नसू’ एवढंच सांगितलं होतं, त्यातून दोन कुटुंबं आली. एकूण माणसं झाली चौदा. चौदा माणसांना बस लागते. बस कंपनीकडून मिळते. कंपनीकडे अर्ज करावा लागतो, आणि प्रवासाच्या अर्जावर सेफ्टी विभागाच्या प्रमुखाची सही लागते. प्रमुख रजेवर गेला होता. प्रभारी प्रमुख होता चार्ल्स तुस्कानो.

इतकं सोपं काम कतारमध्ये आजवर झालं नव्हतं, आणि तेही झालं नाही.

अर्जात रकाना होता, ‘प्रवासाचा हेतू’. चार्ल्सने लिहिलं, दाट धुक्यात निसर्गनिरीक्षण. मग खुर्ची न बदलता तो प्रभारी झाला आणि त्याने नियमावली उघडली. नियम सत्तावीस : दृश्यमानता दोनशे मीटरच्या खाली असल्यास कंपनीचं कुठलंही वाहन जागचं हलणार नाही. हा नियम गेल्या वर्षी त्यानेच लिहिला होता. लिहिताना स्वतःवर इतका खूश झाला होता की त्याने ‘कुठलंही’ खाली दोन रेघा मारल्या होत्या.

त्याने अर्ज फेटाळला. मग अर्जदार म्हणून स्वतःला नम्र विनंतीचं ईमेल पाठवलं. प्रभारी म्हणून त्याला जरा कडक उत्तर दिलं, कारण विनंतीचा सूर त्याला आवडला नाही.

“नाही म्हणतोय,” संध्याकाळी तो ग्रेसीला म्हणाला.

“कोण?”

“मी.”

ग्रेसी हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे. माणसं नाना तऱ्हेने बिघडतात हे तिला ठाऊक आहे. ती म्हणाली, “तुझं तुझ्याशीच पटत नाही, चार्ल्स, तर आमचं काय घेऊन बसलास? आदल्या दिवशी उन्हात जाऊ या की. जोस्लीनकडे राहू. सकाळी चालत निघू. चालणाऱ्या माणसाला नियम आहे का तुझा?”

नव्हता. चार्ल्सने रात्रीतून तो लिहून काढला.

जोस्लीन ही ग्रेसीची चुलत बहीण, दुखानच्या वसाहतीत राहते. “चौदा जणं? या की, इन्शाल्ला,” असं ती फोनवर म्हणाली. गल्फमध्ये ‘इन्शाल्ला’चा अर्थ बहुधा ‘नको’ असा होतो, पण नातेवाइकांना तो कळत नाही.

दोह्यात चर्चमधली रविवारची मिसा शुक्रवारी असते, कारण सुट्टी शुक्रवारी असते. त्या शुक्रवारी चर्चमध्ये लोकांनी आजारी आईसाठी, अडकलेल्या व्हिसासाठी, मुलीच्या लग्नासाठी प्रार्थना केली. चार्ल्सने डोळे मिटून धुकं मागितलं. दुपारी लख्ख उन्हात बस निघाली. ड्रायव्हर होता शहाजी, आटपाडीकडचा, इंडस्ट्रियल एरियातल्या खोलीत सात जणांबरोबर राहणारा आणि लहानपणी मेंढरं राखलेला.

“काय बघाया चाललाय म्हणं, साहेब?”

“जंगल.”

शहाजीने समोरचा सपाट मुलूख क्षितिजापर्यंत एकदा नीट पाहून घेतला. “बरं,” तो म्हणाला.

शनिवारी पहाटे प्रार्थना फळाला आली. धुकं असं पडलं होतं की जोस्लीनच्या दारातून जोस्लीनची तुळस दिसत नव्हती. तबिशने खिडकी उघडली तर धुकं आत आलं. चार्ल्सचा ऊर भरून आला. त्याने शहाजीला बजावलं, “शहाजी, रस्त्यावरचा पहिला खांब दोनशे मीटरवर आहे. तो दिसायला लागेपर्यंत बस हलवायची नाही. दिसला की कुरणाच्या गेटाशी नेऊन उभी करा, आम्ही तिथे पोहोचतो. आणि कंपनीची गाडी आहे, तिला काही लागता कामा नये. कोणालाही हात लावू द्यायचा नाही.”

“न्हाई लावू द्यायचो,” शहाजी म्हणाला.

मग वसाहतीमागच्या मोकळ्या जागेवर बाकीच्या तेरा जणांना उभं करून चार्ल्सने ‘टूलबॉक्स टॉक’ दिलं. कामगारांना काम सुरू करण्याआधी उभ्याउभ्या जे सुरक्षेचं भाषण देतात, ते हे. ते पाच मिनिटांचं असावं असा संकेत आहे. चार्ल्सचं पंचवीस मिनिटं चाललं. त्यात उंचावरून पडणे हा भाग होता, जरी त्या परिसरात पडण्याजोगी उंची शोधायला दुर्बीण लागली असती. प्रत्येकाला चमकदार पिवळं जॅकेट मिळालं. सगळ्यांनी एकच दोर धरायचा. दर दोन मिनिटांनी पुढचा माणूस शिटी वाजवणार, शेवटचा शिटीने उत्तर देणार. दर दहा मिनिटांनी हजेरी. पुढचा माणूस चार्ल्स होता आणि शेवटचा तबिश, ज्याला शिटी हातात आल्यापासून बालपण परत मिळालं होतं.

“डॅड,” व्हॅलेरी दुसऱ्या नंबरवरून म्हणाली, “इफ आय वॉज अ डिअर, आय वुड लीव्ह.”

“जंगलात शिस्त लागते, व्हॅल.”

“आय वुड लीव्ह क्वाएटली,” ती म्हणाली.

पहिल्या हजेरीला चौदा भरले. एक बाभूळ दिसली, तिचे सगळ्यांनी फोटो काढले. धुक्यात ती खरोखर ढगांच्या जंगलातली वाटत होती. तिच्यावर शेवाळ नव्हतं, पण एक निळी प्लास्टिकची पिशवी होती, ती फोटोत शेवाळासारखी आली. दुसऱ्या हजेरीलाही चौदा. ग्रेसीने कोलंबीची सँडविचेस वाटली. एका हातात दोर आणि एका हातात सँडविच असल्यामुळे नाक पुसायला कोणाकडे हात उरला नाही.

तिसऱ्या हजेरीला पंधरा भरले.

चार्ल्सने पुन्हा मोजलं. पंधराच. सेफ्टीच्या पुस्तकात माणूस कमी भरला तर काय करावं याची चार पानं आहेत. जास्त भरला तर काय करावं याबद्दल एक ओळ नाही. तो दोर धरून मागे गेला. तबिशच्या मागे दोर धरून, ट्रॅकसूट घातलेले, साठीकडे झुकलेले एक गृहस्थ शांतपणे उभे होते.

“फजल,” त्यांनी ओळख करून दिली. ते वसाहतीतच राहणारे, केरळचे इंजिनियर. सकाळी फिरायला निघाले आणि धुक्यात हरवले. “फिर आपका जॅकेट देखा. विसल सुना. मैं समझ गया.”

“क्या समझे?”

“ड्रिल है.” त्यांनी आवाज उतरवला. “मेल नहीं आया था. सरप्राइज़ ड्रिल?”

तेलाच्या गावात पिवळं जॅकेट, शिटी आणि हजेरी यांचा एकच अर्थ होतो. कुठेतरी काहीतरी फुटलं आहे, किंवा फुटलं आहे असं समजायचं आहे, आणि जॅकेटवाल्याच्या मागून मुकाट्याने ‘असेंब्ली पॉइंट’ नावाच्या ठरलेल्या जागी जमायचं आहे. माणसं तिथे वीस-वीस वर्षं राहतात, हे त्यांच्या हाडांत मुरलेलं असतं. चार्ल्सने खरं सांगण्यासाठी तोंड उघडलं. पण फजलसाहेब त्याच्याकडे इतक्या आदराने बघत होते, आणि इतक्या आदराने त्याच्याकडे त्याच्या नोकरीत कोणी पाहिलं नव्हतं.

“हां,” तो म्हणाला. “सरप्राइज़.”

चौथ्या हजेरीला एकोणीस होते. पाचवीला सव्वीस. त्यात रात्रपाळी संपवून निघालेले दोन फिलिपिनो तंत्रज्ञ होते, नाइटगाउनवर शाल घेतलेल्या एक बाई होत्या आणि नाश्ता अर्धवट सोडून आलेलं एक अख्खं कुटुंब होतं. कोणीही काही विचारत नव्हतं. दोर पुरेना तेव्हा लोकांनी एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवले. पहिल्यांदाच चार्ल्सला शिटी वाजवायला ओशाळल्यासारखं झालं, पण वाजवली नाही तर लोक घाबरले असते.

“वी आर लॉस्ट, आरन्ट वी?” व्हॅलेरी कुजबुजली.

चार्ल्सच्या फोनवरचा निळा ठिपका गेला अर्धा तास समुद्रात होता. “नाही,” तो म्हणाला. आणि तेवढ्यात त्याने हात वर केला.

समोर, पंचवीसएक पावलांवर, धुक्यात काहीतरी पांढरं उभं होतं. भरदार अंग. चार सडपातळ पाय. आणि वर, धुक्यात गेलेली, दोन सरळ लांब शिंगं.

सव्वीस माणसं जागच्या जागी थिजली. तबिशने तोंडातली शिटी काढली. व्हॅलेरीने दोर सोडला, ते नियमाविरुद्ध होतं पण चार्ल्सने तिकडे दुर्लक्ष केलं. ती गुडघ्यावर बसली आणि फोटो काढू लागली. त्या जनावरातून मंद फुत्कार ऐकू येत होता. हूं, हूं.

“बघ,” चार्ल्स तिच्या कानाशी म्हणाला. “बघ कसा उभा आहे. पळत नाही. एवढी माणसं आहेत तरी ढिम्म हलत नाही. याला म्हणतात रान.”

“ही इज ब्यूटिफुल, डॅड,” व्हॅलेरी म्हणाली. आणि मग, वर्षभरात जे केलं नव्हतं ते तिने केलं. तिने बापाचा हात धरला.

अकरा मिनिटं ते सगळे तसेच उभे होते. नाश्ता सोडून आलेल्या कुटुंबातल्या आजोबांनी टोपी काढली. मग वारा आला, धुकं वर सरकलं, आणि ओरिक्सच्या पोटावर हिरव्या अक्षरांत लिहिलेलं दिसलं, ‘एक हजार गॅलन’.

लोखंडी घोडीवर ठेवलेली पाण्याची पांढरी टाकी होती. तिच्या डोक्यावर हवेसाठी काढलेले दोन उभे पाइप होते, त्यांत वारा शिरून फुत्कार निघत होता. पलीकडे, चारशे मीटरवर, जोस्लीनच्या घराची खिडकी दिसत होती, आणि तिच्यात जोस्लीन, चहा पीत. बाजूला बत्तीस बाभळी-बोरी उन्हात उघड्या पडल्या होत्या.

चार्ल्सला व्हॅलेरीकडे बघवेना. ग्रेसीने नर्सच्या अनुभवाने उरलेलं एक सँडविच त्याच्या हातात ठेवलं.

पण फजलसाहेब पुढे आले. त्यांनी टाकीला हात लावला. टाकीखाली गंजलेली हिरवी पाटी होती. त्यांनी ती बाहीने पुसली आणि ते सद्गदित झाले.

“असेंब्ली पॉइंट नंबर सात,” त्यांनी मोठ्याने वाचलं. “सर, बाईस साल में पहली बार कोई हमें सही जगह लाया है. वो भी ज़ीरो विज़िबिलिटी में!”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. नाइटगाउनवाल्या बाईंनी चार्ल्सशी हस्तांदोलन केलं. तबिशने, प्रसंग ओळखून, लांब शिटी दिली आणि ‘खलास’ म्हणून ड्रिल संपल्याचं जाहीर केलं. चार्ल्स मान खाली घालून ‘शुक्रन, शुक्रन’ असे अरबीत आभार मानत राहिला. व्हॅलेरी मात्र टाळ्या वाजवत नव्हती. ती बोटाने माणसं मोजत होती.

कुरणाच्या गेटाशी पोहोचायला साडेदहा झाले. शहाजी बसच्या पायरीवर बसून काकडी खात होता.

“लई येळ लावला, साहेब. ती जनावरं येऊन गेली की.”

“कुठली जनावरं?”

“तीच हो. पांढरी, शिंगाची. आठ-धा हुती. एक तर आरसा चाटाय लागलं.” त्याने फोन पुढे केला. फोटोत काचेला लावलेलं ओलं काळं नाक होतं, मागे शिंगांची रांग होती. “म्या हाकलली.”

“हाकललीत?”

“तुमीच म्हणलासा, गाडीला कुणाला हात लावू द्यायचा न्हाई. ह्यांनी जीभ लावली.”

 परतीच्या वाटेवर खांब स्वच्छ दिसत होते, एकामागून एक. मदिनत खलीफा जवळ आल्यावर चार्ल्स समोर बघत म्हणाला, “शहाजींचा फोटो वापर हवा तर. स्वतःचाच पाहिजे असं मिस काही तपासणार नाहीत.”

“राहू दे, डॅडी,” व्हॅलेरी म्हणाली. मराठीत म्हणाली, म्हणून त्याने वळून पाहिलं. ती फोनवर आपले फोटो चाळत होती.

रविवारी तिने वर्गात एक फोटो दाखवला. धुकं, धुक्यात एक पांढरा आकार, आणि त्याच्यासमोर पिवळ्या जॅकेटातल्या एका माणसाच्या मागे एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून उभी असलेली माणसं. तो तिने कधी बाजूला पळून काढला हे तिलाच ठाऊक. तिने सांगितलं, की माझ्या वडिलांनी चौदा माणसं धुक्यात नेली आणि सव्वीस परत आणली, त्यातली बारा आधीच हरवलेली होती. मागच्या बाकावरून काहीच प्रश्न आला नाही. संध्याकाळी तिने भाषणाचा कागद जेवणाच्या टेबलावर ठेवला. दहापैकी सहा गुण होते आणि खाली विजयालक्ष्मी मिसचा शेरा होता, ‘छान. विषय वन्यप्राणी होता.’ तो कागद चार्ल्सने ऑफिसात नेला आणि सुरक्षेच्या प्रमाणपत्रांशेजारी लावला. तिथे तोपर्यंत एकच प्रमाणपत्र होतं, ते अग्निशामक नळकांड्याचं.

ऑस्टिनने ग्रुपवर विचारलं, ‘मग? काय दिसलं?’ त्याला अजून कोणी उत्तर दिलेलं नाही.

कुरणात ओरिक्सना रोज सकाळी नऊ वाजता गेटाजवळ चारा घालतात. गाडी तिथपर्यंत जाते.